अक्षता पडेपर्यंतची कडी

आमच्या शहापूरच्या दुकानात मधोमध एक दार उभं आहे. त्याला ना भिंत, ना घर. लोखंडी चौकटीत नुसतंच उभं असतं आणि त्याच्या छातीच्या उंचीवर एक आडवी दांडी आहे. दांडी ढकलली की दार खटकन पलीकडं उघडतं. नवीन गिऱ्हाईक आधी हसतं, मग दांडी ढकलून पलीकडं जातं, आणि पलीकडं काय, तर रंगाचे डबे. हे दार माझ्या धाकट्या जावेनं मांडलं. ते आलं त्या दिवसापासून मला पाहवत नव्हतं.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आधी ते किन्हवलीच्या बाजारात गोणपाट अंथरून बिजागऱ्या, कड्या, खिळे विकायचे, नंतर शहापूरला गाळा घेतला. मी मुरबाडकडच्या गावातली, दहावी झालेली. लग्न होऊन आले तेव्हा दुपारचा डबा घेऊन दुकानात यायचे आणि रिकाम्या डब्याची वाट बघत बसायचे. बसल्या बसल्या हाताला चाळा म्हणून कड्या मापाप्रमाणे लावून ठेवायला लागले. आबांनी दोनचार दिवस बघितलं आणि एकदा डोळे मिटायला सांगून हातात एक कडी दिली. "किती इंची, सांग." मी सांगितलं. दुसरी दिली. तीही सांगितली. मग ते म्हणाले, "उद्यापासून डबा देऊन जाऊ नको गो, बस इथं."

तेव्हापासून मी बसले. सुताराला कुठली बिजागरी किती वजनाचं दार पेलेल, कुठल्या कडीचा दांडा पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात अडकेल, बिघडलेलं कुलूप कुठं ठोकलं की सुटेल, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. बोटांना कळायचं. संध्याकाळी गाळा बंद करताना आबा रोज एकदा माझ्याकडं वळून विचारायचे, "काय गो, बरोबर?" मी "बरोबर" म्हणायचे आणि शटर खाली यायचं. दिवसभरात मला तेवढंच हवं असायचं.

पुढं आबांचे गुडघे धरायला लागले. माझा नवरा मुरबाडच्या कारखान्यात पाळीवर जातो, धाकटा दीर कसाऱ्याला रेल्वेत आहे, दोघांनाही दुकानात गम्य नाही. आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदाची दिवाळी झाली का मी घरी बसणार. माझ्या खुर्चीवर कोन बसल ते मी ठरवीन." खुर्ची म्हणजे काय, तर शिसवी हातांची एक जुनी खुर्ची, जिचा एक पाय मीच खिळा मारून सांधलेला. पण दोन तालुक्यांतली माणसं दाराचं काही अडलं की त्या खुर्चीसमोर येऊन उभी राहतात. मला ती खुर्ची हवी होती. कुणी विचारलं असतं तर मी "मला कशाला बाई" म्हटलं असतं. पण हवी होती.

आणि त्याच वर्षी धाकटी जाऊ आली.

ती कल्याणची. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, तिथं आगीपासून बचावाची कामं करणाऱ्या एका ठेकेदाराकडं चार वर्षं नोकरी केलेली. उंच. इतकी उंच की वरच्या फळीवरचा डबा मी स्टूल आणून काढायचे, तो ती बोलता बोलता खाली घ्यायची. आल्यावर महिनाभरात तिनं आबांना विचारलं, "मी दुकानात आले तर चालेल?" आबा म्हणाले, "ये की." मला कुणी विचारलं नाही.

ती येताना कागदांचा एक गठ्ठा घेऊन आली. इमारतींचा नियम होता त्यात, छापून काढलेला, पानापानांतून पिवळ्या, गुलाबी चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. जिथं खूप माणसं एकत्र जमतात, म्हणजे शाळा, दवाखाना, लग्नाचा हॉल, तिथलं बाहेर पडायचं दार बाहेरच्याच बाजूला उघडलं पाहिजे. आतून उघडायला किल्ली लागता कामा नये. अंधारात, धुरात, कुणालाही, न शिकवता उघडता आलं पाहिजे. दारात उंबरठा नको, वाटेत सामान नको. ती हे सगळं आबांना समजावून सांगायची आणि आबा, ज्यांनी उभा जन्म "दार आत उघडावं, लक्ष्मी आत येते" असं सांगत कड्या विकल्या, ते मान डोलवायचे!

"पन लोक आत ढकलतात, बाहेर ढकलतात, काय फरक पडतो?" त्यांनी एकदा विचारलं.

"आबा, मागून शंभर माणसं रेटत असली तर पुढच्याला दार आत ओढायला जागाच राहत नाही. तो दाराला चिकटून जातो."

आबांनी हातानं हवेतच एक दार आत ओढून बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हे आपल्या कधी ध्यानात आलं नाय, काय गो?"

आपल्या. म्हणजे त्यांच्या आणि माझ्या. ध्यानात न येण्यात मला बरोबर घेतलं. त्या दिवशी मी तिच्या गठ्ठ्यातली एक गुलाबी चिठ्ठी काढून दुसऱ्याच पानात घातली. दुसऱ्या दिवशी अजून एक. हसू नका, मला माहीत आहे ते पोरकट होतं. तिला पान सापडायला वेळ लागला की मी बिजागऱ्या मोजता मोजता कान टवकारून बसायचे. ती कधी चिडली नाही. चिठ्ठी पुन्हा जागच्या जागी लावायची, आणि त्यानं माझा अजूनच तिळपापड व्हायचा.

मग ते बिनभिंतीचं दार आलं. त्या दांडीला इंग्रजीत पॅनिक बार म्हणतात, आबांनी तिचं नाव ठेवलं ढकलदांडी. गावागावांतून शाळेचे मास्तर, दवाखान्याचे डॉक्टर, हॉलवाले ते बघायला यायला लागले. यायचे आणि मला विचारायचे, "धाकल्या वयनी नायत काय?" वीस वर्षं ज्या लोकांना मी कड्या दिल्या ते मला विचारत होते, ती कुठं आहे म्हणून! आबांचा पहिला चहाचा कप आधी माझ्याकडं यायचा, तो आता कागदांच्या गठ्ठ्याशेजारी जायला लागला. आणि संध्याकाळी शटर ओढताना आबा "काय गो, बरोबर?" विचारायचे, पण कुणाकडं बघून विचारतात ते कळेनासं झालं. एकदा आम्ही दोघी एकदमच "बरोबर" म्हणालो. ती हसली. मी नाही.

एका दुपारी दुकानात कुणी नसताना मी गुपचूप जाऊन ती दांडी ढकलून बघितली. एका बोटानं उघडलं दार. पुन्हा ढकललं, कोपरानं. पाठ टेकवून. उघडलं. वस्तू चांगली होती, आणि चांगली आहे हे माझ्या बोटांना कळलं याचाच मला राग आला.

सगळ्यात जास्त जळले ते मात्र माझ्या मुलीवरून. ती आठवीत. शाळा सुटली की दुकानात येऊन पूर्वी माझ्याजवळ बसायची, आता काकीजवळ. काकीसारखं पट्टी धरून दाराचं चित्र काढायची, काकीसारखा इंग्रजी सातचा आकडा काढायची, मधे आडवी रेघ देऊन. एक दिवस म्हणाली, "आई, मी पण सिव्हिलला जाणार." मी म्हटलं, "जा की." आणि ती गेल्यावर एक चांगली बिजागरी उगाचच फळीवर आपटली.

तेवढ्यात मुरबाडच्या रस्त्यावरच्या एका लग्नाच्या हॉलचं काम आलं. हॉल मोठा. पुढं एक दार आणि मागं एक, जेवणाच्या मांडवाकडं जाणारं. मागच्या दाराला पूर्वी कुलूप असायचं, आता तपासणीत अडकल्यामुळं मालकाला ते बदलणं भाग होतं. जावेनं स्वतः उभं राहून रुंद नवं दार बसवून घेतलं, बाहेर उघडणारं, आतून ढकलदांडीचं, उंबरठा काढून टाकलेलं. मालकानं पेढे आणून दिले. आबांनी तो पुडा उघडून पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला.

दोन महिन्यांनी मालक परत आला, तोंड पाडून. त्याची अडचण ऐकली तर बाहेरच्या माणसाला खोटी वाटेल, पण आमच्याकडच्या लग्नात जेवलेला माणूस मान डोलवेल. मंगलाष्टकं सुरू झाली की मागच्या रांगांतली मंडळी चुळबुळ करायला लागतात. पहिल्या पंगतीत बसायचं असतं. भटजींचं तिसरं कडवं होईतो निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पूर्वी कुलूप होतं तर माणसं निदान अक्षता टाकेपर्यंत थांबायची. आता दांडी ढकलली की पंगत. "परवा पोरीचा बाप रडला ओ," मालक म्हणाला. "सावधान म्हनताना मागं वळून बगतो तर हॉलात निस्त्या खुर्च्या. अक्षता टाकाय मानूस नाय! दाराला वरती एक कडी द्या मला. अक्षता पडंपर्यंत लावीन, मंग काढीन."

"नाही," जाऊ म्हणाली. "त्या दाराला दुसरी कुठलीही कडी चालत नाही. कडी लावली की दांडीचा उपयोग शून्य."

"अवो, पंधरा मिन्टांची गोष्ट."

"पाच मिनिटांचीही नाही. तुम्ही पंगत उशिरा वाढा, अक्षता पडल्याशिवाय पानं मांडू नका."

मालक पुटपुटत गेला. आबा म्हणाले, "शाबास." ते तिला म्हणाले. मी तिथंच होते.

चार दिवसांनी जाऊ कुठल्याशा शाळेचं माप घ्यायला गेलेली, आबा गुडघ्याच्या डॉक्टरकडं. मालक पुन्हा आला, खरं तर तिलाच गाठायला. मला एकटीला बघून जरा थांबला. मग म्हणाला, "मोठ्या वयनी, तुमी तरी समजून घ्या. तुमच्यापासून नेतोय मी वर्सानवर्सं. तुमाला दाराचं कळतं. धाकल्या वयनी बुकातलं बोलतात."

तुम्हाला दाराचं कळतं! एवढं एक वाक्य. किती महिन्यांत कुणी म्हणालं नव्हतं. नियम काय म्हणतो ते मला आता तिच्याइतकंच ठाऊक होतं, रोज कानावर पडत होतं. तरी मी उठले, स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून अठरा इंची लांब कडी काढली. दाराच्या माथ्याला लावायची, तिचा दांडा वर चौकटीच्या भोकात जातो. मी त्याला हेही सांगितलं की भोक घट्ट ठेव, म्हणजे दार हलणार नाही. मालक खूश होऊन गेला. मीही खूश होते. संध्याकाळी आबांनी "काय गो, बरोबर?" विचारलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं "बरोबर" मीच म्हटलं.

त्यानंतर त्याच हॉलात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. हॉल कुठला ते कळलं तेव्हा ती कडी आठवली, पण मी स्वतःला समजावलं की पंधरा मिनिटांची तर गोष्ट.

मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा. आम्ही सगळेच होतो. पुढच्या दाराला कापडी फुलांची, झिरझिरीत पडद्यांची मोठी कमान केलेली, आणि मागच्या दाराच्या वरच्या अंगालाही तसलीच गुलाबी झालर सोडलेली. ढकलदांडी दिसत होती, दाराचा माथा झाकलेला. आत आल्या आल्या माझी नजर तिकडं गेली. जावेचीही गेली, पण तिनं दांडी बघितली आणि माझ्या मुलीला दाखवली, "बघ, हे आपलं दार." मुलगी तिच्या शेजारीच बसली, मागून तिसऱ्या रांगेत. मी त्यांच्या मागं, एकटी.

मंगलाष्टकं सुरू झाली. हॉलचा माणूस मागच्या दाराशी आला, झालरीत हात घालून कडी सारली आणि पंगत बघायला पुढून बाहेर निघून गेला. मी ते बघितलं. माझ्या ओळीतले दोन काका उठले, दाराशी गेले, दांडी ढकलली, दार उघडेना तसे ओशाळून परत येऊन बसले. मला हसू आलं.

शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, बाहेर फटाक्यांची माळ लागली. पुढच्या दाराच्या अगदी तोंडाशी लावली होती. त्यातली एक ठिणगी कमानीच्या पडद्यावर गेली. आम्हाला आधी कळलंच नाही, वाजंत्री जोरात होती. मग कापडाचा आणि प्लॅस्टिकच्या फुलांचा काळा धूर आत यायला लागला, कुणीतरी "आग" म्हणून ओरडलं, आणि पुढचं दार जळत होतं म्हणून अख्खा हॉल मागं वळला.

जाऊ सगळ्यांत आधी दाराशी पोचली, माझ्या मुलीचा हात धरून. मी त्यांच्या पाठीशी, दोन हातांवर. तिनं दांडी ढकलली. दांडी आत गेली, खटक आवाज झाला, दार उघडलं नाही. तिनं पुन्हा ढकलली. अंगानं धक्का दिला. "उघडायला पाहिजे," ती म्हणाली, "उघडायला पाहिजे हे." तिचा चेहरा मी बाजूनं बघत होते. त्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट होती, तिला काही कळत नव्हतं. माझी मुलगी तिच्याकडं वर बघत होती.

मला बरं वाटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मागून माणसं रेटत होती, धूर घशात उतरत होता, माझीच पोर दाराला चिकटत चालली होती, आणि माझ्या मनात आलं, बघ, बघून घे तुझ्या काकीचं दार. कडी कुठं आहे हे त्या अख्ख्या हॉलात मला ठाऊक होतं. आणि मी गप्प होते. ओरडले तर कडी कुणी दिली ते कळेल, हा विचार त्यानंतर आला. आधी आलं ते बरं वाटणं.

मग मुलगी "आई गं" म्हणाली, तिच्या बांगड्या दारावर दाबून फुटल्या होत्या. मी ओरडले, "वरती! झालरीत कडी हाय वरती!"

जावेनं हात वर करून झालर ओरबाडून काढली. माझा हात तिथं पोचलाच नसता. तिनं कडी खाली ओढली, तर कडी हलेना. भोक घट्ट ठेव, मीच सांगितलं होतं. त्यातून मागची माणसं दाराला बाहेर रेटत होती, त्यानं दांडा चौकटीत आवळून बसला होता. हे तिला कळेना, माझ्या बोटांना न लावता कळलं. मी मागं वळून दोन्ही हात पसरले आणि गर्दीच्या अंगावर ओरडले, "मागं सरका! रेटू नका, कडी आवळतेय! मागं!" समोरच्या दोन बाप्यांना छातीवर हात लावून मागं ढकललं. क्षणभर भार सुटला. जावेनं कडी ओढली. दार उघडलं आणि आम्ही सगळे पंगतीच्या मांडवात जाऊन पडलो, पत्रावळींवर, वरणाच्या बादल्यांवर.

कुणाचं काही गेलं नाही. कमान जळाली, बाहेरच्यांनी पाण्याची पिंपं ओतून विझवली. एका म्हाताऱ्याचा पाय मुरगळला. माझ्या मुलीच्या मनगटाला बांगडीच्या काचा लागल्या होत्या, त्या जावेनं तिला मांडीवर घेऊन एकेक काढल्या. मी जवळ गेले तर मुलगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "काकी काढतेय ना."

आबा दाराशी उभे होते. त्यांनी ती कडी बघितली, झालरीचा तुकडा बघितला. हॉलचा मालक चार पावलांवर, रुमालानं तोंड पुसत. आबांनी जावेला विचारलं, "ही कवा लागली?"

ती माझ्याकडं बघून मग आबांकडं वळली. "माझी चूक आबा. बसवल्यावर मी परत येऊन बघायला पाहिजे होतं. नाही आले."

मालकानं घाईघाईनं मान हलवली, त्याला तेच सोयीचं होतं. आबांनी कडीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. गाडीत बसताना पुढच्या सीटवर मात्र त्यांनी मला बसवलं, "तुझ्यामुळं सुटली गो कडी" म्हणून.

पुढचे आठ दिवस मला झोप नाही. लोकांनी म्हटलं असतं, पश्चात्ताप. मी खरं सांगते, पश्चात्ताप नंतर आला. आधी मला सहन होत नव्हतं ते हे की तिनं दोष अंगावर घेतला. नियम तिला येत होता, उंची तिच्याकडं होती, माझी मुलगी तिच्याकडं होती, आणि आता मोठं मनही तिचंच? माझ्या वाट्याला काय, फुकटचं कौतुक! ते तिनं दिलेलं होतं, आणि मला तिचं दिलेलं काही नको होतं. म्हणून नवव्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या, मी आबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. गिऱ्हाइकं उभी राहतात तशीच.

"आबा, ती कडी मी दिली. तिनं नाही म्हटलेलं ठाऊक असून दिली."

आबा हातातलं कुलूप पुसत होते. पुसतच राहिले.

"अठरा इंची," ते म्हणाले. "हॉलातच बगितली मी. आपल्या वरच्या फळीवरची. तिथं एक कमी व्हती ती तवाच दिसलेली मला." मग कुलूप खाली ठेवलं. "सांगशील का नाय, ते बगत व्हतो."

मी विचारलं, "मग खुर्ची?"

"खुर्ची तिची," आबा म्हणाले. "तू सांगितलंस म्हनून तुझी व्हायची नाय. आन न सांगतीस तर तुला इथं बसूच दिलं नसतं."

दिवाळीनंतर ती खुर्चीवर बसली. पहिल्या दिवशी संध्याकाळी आबा नव्हते, शटर खाली ओढायच्या आधी ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, बरोबर?" मी त्या बिनभिंतीच्या दारापाशी उभी होते. जे इतके दिवस विचारायचं राहिलं होतं ते विचारलं.

"तू का अंगावर घेतलंस? मी दिली हे तुला तिथंच कळलं होतं."

"हो. झालर काढायच्या आधीच. तुम्ही ओरडलात ना, वरती आहे म्हणून." ती किल्ल्या बोटात फिरवत होती. थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही ओरडायच्या आधी मी तुमच्याकडं बघितलं होतं, ताई. दार उघडत नव्हतं तेव्हा. तुम्ही दाराच्या माथ्याकडं बघत होता. आणि गप्प होता."

"किती वेळ?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण होता." मग तिनं आवाज खाली आणला, जणू कुणी ऐकत होतं. "तेव्हा पोरीचा हात माझ्या हातात होता. तिनंही वळून बघितलं तुमच्याकडं. कडी तुम्ही दिली हे तिला कळलं असतं, तर तिनं दोन्हीचा मेळ घातला असता. हुशार आहे. म्हणून मी म्हटलं, माझी चूक."

मी दांडी ढकलली. का ते माहीत नाही, हाताशी होती म्हणून. दार उघडलं, पलीकडं रंगाचे डबे.

घरी गेले तेव्हा मुलगी अभ्यास करत होती. मनगटावर बारीक पांढरे वण राहिले आहेत तिच्या. मी शेजारी बसले तर तिनं वहीतून वर बघितलं, नेहमीसारखंच, पण थोडा जास्त वेळ. मी वाट बघत होते की ती काही विचारेल. तिनं पट्टी घेतली आणि दाराचं चित्र पुरं करायला लागली.